ओल्यावर ओलं फिनिशिंग: टाकीची तीव्रता वेगळी, ट्रफची वेगळी

प्रश्न एका तरुण सुपरवायझरचा आहे, तो थोडक्यात आधी सांगतो. १२५ जीएसएमचं (चौरस मीटरला १२५ ग्रॅम), १६० सेंटीमीटर पन्ह्याचं सुती पॉपलिन. आजवर ते वाफेच्या सिलिंडरवर वाळवून स्टेंटरच्या (वाळवणीच्या मशीनच्या) पॅडरवर घेत होते. पॅडर म्हणजे ट्रफमधल्या, म्हणजे खालच्या कुंडीतल्या द्रावणात कापड बुडवून रोलांमध्ये पिळणारा भाग. सॉफ्टनर (कापड मऊ करणारं रसायन) लिटरला ५० ग्रॅम, पिकअप (कापडाच्या वजनाच्या मानाने त्यात राहिलेलं द्रावण) ७० टक्के, हँडल (हाताला लागणारा पोत) पार्टीला पसंत. आता स्टीम वाचवायची म्हणून मधलं वाळवणं बंद केलं आणि धुलाईनंतर दाबून काढलेलं ओलं कापड थेट पॅडरवर आणलं. रेसिपी तीच ठेवली. पहिले दोन-तीन तागे बरे आले, पुढे कापड कोरडं, कडक लागायला लागलं. मास्तरांनी सॉफ्टनर जवळपास तिप्पट केलं, तर सुरुवातीचा माल तेलकट आणि पुढचा ठीक. 'नेमकी किती तीव्रता ठेवायची?' असं या सुपरवायझरने विचारलं आहे.

इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये माझी तीस वर्षं गेली आणि हाच घोळ मी अनेक खात्यांत पाहिला आहे. प्रश्नात 'तीव्रता' हा शब्द एकवचनी आहे, तिथेच गाडी अडते. वाळलेल्या कापडावर एकच तीव्रता पुरते, कारण कापड ट्रफमधून फक्त घेऊन जातं, आत काही टाकत नाही. ओलं कापड स्वतःचं पाणी घेऊन येतं. त्यातलं काही ट्रफमध्ये सोडतं आणि बदल्यात लिकर (रसायनाचं द्रावण) घेऊन जातं. म्हणून इथे दोन आकडे काढावे लागतात. वरच्या टाकीतून येणाऱ्या फीडिंगची तीव्रता हा एक, आणि ट्रफ भरताना त्यात ठेवायची तीव्रता हा दुसरा.

पण त्याही आधी तिसरी गोष्ट ठरवा: कापडावर नक्की किती बसवायचं आहे? लिटरला किती ग्रॅम हे विसरा, किलो कापडाला किती ग्रॅम ते लिहा. तुमच्या जुन्या रेसिपीत किलोला ०.७० लिटर लिकर जात होतं आणि लिटरला ५० ग्रॅम होते, म्हणजे किलोला ३५ ग्रॅम. पार्टीला जे हँडल आवडत होतं ते या ३५ ग्रॅमचं. पद्धत कोणतीही घ्या, हा आकडा हलत नाही.

आता पाण्याचा हिशेब. तुम्ही कळवलंय की कापड ५५ टक्के ओलं येतं आणि पॅडरमधून ८० टक्क्यांवर बाहेर पडतं. किलोमागे ०.५५ लिटर आत आलं, ०.८० लिटर बाहेर गेलं. ट्रफची पातळी कायम राहायची असेल तर वरून फक्त फरकाइतकं, म्हणजे ०.२५ लिटर येऊ शकतं. त्याहून एक थेंब जास्त घातलात तर तो ओसंडून गटारात जाईल. कापडावर जायचे ते ३५ ग्रॅम या पाव लिटरातूनच आले पाहिजेत, दुसरी वाट नाही. ३५ भागिले ०.२५, म्हणजे लिटरला १४० ग्रॅम. ही टाकीची तीव्रता.

ट्रफमध्ये कापड किती वेळ बुडतं, किती पाणी सोडतं, याचा या आकड्याशी काही संबंध नाही, हे नीट लक्षात घ्या. मशीन चालत राहून ट्रफची तीव्रता स्थिर झाल्यावर आत गेलेलं तेवढंच बाहेर जाणार. तुम्ही टाकीत ५० ग्रॅमच ठेवले होते, म्हणजे शेवटी कापडाला ०.२५ गुणिले ५०, साडेबारा ग्रॅम मिळत होते. पस्तीसच्या जागी साडेबारा, मग कडक लागणारच.

ट्रफसाठी मात्र अदलाबदल बघावी लागते. येणाऱ्या ५५ टक्के पाण्यापैकी किती हिस्सा ट्रफच्या लिकरशी बदलला जातो? सगळा बदलला तर कापडातलं सगळं लिकर ट्रफच्याच तीव्रतेचं असेल. अजिबात बदलला नाही तर वरचं पाव लिटर तेवढं ट्रफचं आणि खालचं सगळं साधं पाणी. खरी गोष्ट मधे कुठेतरी असते. एका बुडीच्या, एका निपच्या (दोन रोलांमधल्या पिळणीच्या) पॅडरवर हलक्या पॉपलिनला मी सुरुवातीला ६० टक्के धरतो. दोन बुड्या, मधे एक निप आणि कोमट लिकर असेल तर आकडा वर सरकतो. जाड ड्रिल किंवा कॅनव्हास जोरात चाललं तर खाली येतो, कारण सुताच्या गाभ्यातलं पाणी तेवढ्या वेळात जागचं हलत नाही.

६० टक्के धरलं तर ०.५५ पैकी ४० टक्के, म्हणजे ०.२२ लिटर जुनं पाणी तसंच बाहेर जातं. ०.८० मधून ते वजा केलं की ०.५८ लिटर ट्रफचं लिकर राहतं. ३५ भागिले ०.५८, सुमारे ६० ग्रॅम. ट्रफ भरायचा लिटरला ६० ने आणि टाकीत ठेवायचे १४०. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत कापडाला ३५ च्या आसपास मिळेल.

तुमच्याकडे काय झालं ते आता उलगडून बघा. दोन्हीकडे ५० ठेवलं तेव्हा पहिल्या कापडाला ५० गुणिले ०.५८, म्हणजे २९ ग्रॅम मिळाले, थोडे कमी पण चालून गेले. मग ट्रफ पातळ होत होत बाविसाच्या आसपास उतरला आणि कापड साडेबारावर आलं. मास्तरांनी सगळीकडे १४० च्या जवळ केलं तेव्हा पहिल्या कापडावर ८१ ग्रॅम बसले, तेलकट लागलं, आणि ट्रफ उतरल्यावर बरोबर ३५ झालं. मास्तरांचा टाकीचा अंदाज बरोबर होता, हे मुद्दाम सांगतो. ट्रफ त्याच लिकरने भरला एवढंच चुकलं.

हा उतार किती मीटर चालतो तेही काढता येतं. तुमच्या कापडाचं वजन मीटरला २०० ग्रॅम. वेग मिनिटाला ६० मीटर धरला तर मिनिटाला १२ किलो. ट्रफ ६० लिटरचा असेल तर ६० भागिले (१२ गुणिले ०.५८), म्हणजे साडेआठ मिनिटांच्या वर थोडं. एवढ्या वेळात दोन-तृतीयांशाच्या जवळपास फरक पडून जातो, आणि तिप्पट वेळात, पंचवीस-सव्वीस मिनिटांत, जवळजवळ सगळा. मीटरमध्ये दीड हजाराच्या वर. म्हणजे ट्रफ चुकीचा भरलात तर दीड हजार मीटर हँडल सरकत राहतं, आणि तुमचा लॉटच तीन हजाराचा असेल तर अर्धा माल वेगळा. ट्रफ जितका लहान तितका हा त्रास कमी. मोठ्या जुन्या ट्रफमध्ये स्टीलचा पोकळ डबा बसवून आतली जागा कमी केलेली मी पाहिली आहे. उपाय साधा आणि उत्तम.

अदलाबदलीचा हिस्सा आपल्या मशीनवर मोजून घ्या, माझ्या ६० वर विसंबू नका. लिटरला २० ग्रॅम साधं मीठ घालून ट्रफ भरा आणि नेहमीच्या ओलीचं वाया कापड नेहमीच्या वेगाने सोडा. बाहेर येणाऱ्या कापडाचा तुकडा आणि त्याच क्षणी ट्रफचा नमुना घ्या. तुकडा वजन करून मोजक्या पाण्यात उकळा आणि दोन्हींतलं मीठ सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. ट्रफमध्ये २० असताना कापडावर किलोला ११.६ ग्रॅम मिळालं तर गुणोत्तर ०.५८ आलं. त्यातून फरकाचे ०.२५ वजा केले की ०.३३ उरतात. ०.५५ ने भागलं की ०.६०. पाण्यात क्लोराइड आधीपासून असतंच, म्हणून मिठाशिवायच्या कापडाचं ब्लँक (वजा करायची तुलनेची चाचणी) विसरू नका. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या खात्यात तर नाहीच.

आता सगळ्यात नाजूक जागा. फीडिंगचा आकडा दोन पिकअपच्या वजाबाकीवर उभा आहे. दोन मोठे आकडे वजा करून लहान आकडा काढायचा, तर दोन्हींतल्या बारीक चुका त्या लहान आकड्यावर येऊन बसतात. येणारी ओल ५५ ऐवजी ६० झाली, तर फरक ०.२५ वरून ०.२० झाला. टाकीत तेच १४० असतील तर कापडाला २८ ग्रॅम. ओलीचे पाच टक्के चुकले आणि फिनिशचे वीस टक्के गेले. ओल ६५ झाली तर २१ वर याल. वाळलेल्या कापडावर काम करताना पिकअपमधली पाच टक्क्यांची चूक सात टक्क्यांपलीकडे जात नाही, म्हणून आपल्याला तिची धास्ती नसते. इथे ती ठेवावी लागते. धुलाईच्या शेवटच्या मँगलचं (पिळणाऱ्या रोलांचं) प्रेशर, रबराचा कडकपणा, रोलला पडलेले खड्डे, हे सगळं आता फिनिशिंग खात्याचं काम झालं. त्या मँगलकडे पूर्वी कुणी ढुंकून बघत नसे.

एक प्रसंग सांगतो, कारण त्या दिवशी मी तिथे होतो आणि मलाही दुपारपर्यंत उमगलं नव्हतं. एका प्रोसेसमध्ये लॅबने येणाऱ्या कापडाची ओल ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून काढली, ६८ टक्के. बाहेरचा पिकअप मात्र खात्यातल्या माणसाने हवेत ठेवलेल्या कापडाच्या वजनावर काढला, ८० टक्के. वजाबाकी केली बारा. ३५ भागिले ०.१२, जवळपास २९० ग्रॅम लिटरला. तेवढं सॉफ्टनर घातलं आणि कापडावर दुपटीहून जास्त गेलं. खरं म्हणजे दोन्ही माणसांनी आपापलं काम चोख केलं होतं. हवेतल्या कापसात साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल मुळातच असते. तिच्यामुळे पूर्ण वाळलेल्या वजनावरचे ६८ म्हणजे हवेतल्या वजनावरचे ५५ च. दोन पाया वेगळे होते. तुम्ही कोणताही पाया घ्या, पण आत, बाहेर आणि मीटरच्या वजनाला तोच घ्या.

त्या दिवसापासून मी वजाबाकीवर विसंबणं सोडलं. फरक थेट मोजता येतो. ट्रफची पातळी फ्लोटने कायम धरा, टाकीला गेज पट्टी लावा आणि हजार मीटर चालवा. हजार मीटर म्हणजे तुमचं २०० किलो कापड. टाकी ५० लिटर उतरली तर ५० भागिले २००, फरक ०.२५. तराजू नको, ओव्हन नको, आणि दोन माणसांचे दोन पाया नकोत. टाकी ४० च उतरली तर समजा फरक ०.२० आहे, त्याप्रमाणे तीव्रता १७५ करा किंवा मागचं मँगल तपासा. दर पाळीत दोनदा हा आकडा वहीत लिहिला की ओल कधी सरकली ते त्याच दिवशी कळतं. फीडिंगच्या पाइपवर पाण्याचं मीटर असेल तर आणखी सोपं.

याहून पुढचं पाऊल म्हणजे दोन पाइप. घट्ट लिकर आणि पाणी वेगळं सोडायचं. घट्ट लिकर, समजा लिटरला २८० ग्रॅम, मशीनच्या वेगाशी बांधलेल्या डोसिंग पंपाने मिनिटाला दीड लिटर. म्हणजे १२ किलो कापडाला ४२० ग्रॅम, किलोला बरोबर ३५. आणि साधं पाणी फक्त पातळीच्या फ्लोटवर. ओल ५५ असताना पाणीही दीड लिटरच येईल. ओल ६० झाली तर पाणी आपोआप ०.९ लिटरवर उतरेल, पण सॉफ्टनर तेवढंच जात राहील. ओल साडेसदुसष्टच्या पुढे गेली तरच पाणी शून्य होऊन ट्रफ ओसंडेल, आणि तो ओसंडणं हीच तुम्हाला सूचना. पंपाचा खर्च होतो हे खरं, पण ओलीचा चढउतार पोटात घेणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. खात्याचा मालक विचारेल तेव्हा हा मुद्दा ठामपणे मांडा.

पन्ह्यातल्या फरकाची भीती अनेकांना वाटते, ती निम्मीच खरी आहे. आत येताना काठ मधल्यापेक्षा पाच टक्के जास्त ओले असले तर तिथे ६० गुणिले ०.४ गुणिले ०.०५, किलोला सव्वा ग्रॅमच्या आत फरक पडतो. सॉफ्टनरला तो हाताला लागत नाही. ट्रफ सगळ्या पन्ह्याला एकच असल्याने तो अदलाबदलीत बराचसा मुरतो. पॅडरच्या बाहेरच्या निपमध्येच पाच टक्क्यांचा फरक असेल तर मात्र तीन ग्रॅमचा फटका. तेव्हा काठ वेगळे लागले तर आधी पॅडरचे रोल तपासा, मागचं मँगल नंतर. रंगाचं पॅडिंग ओल्यावर ओलं करायचं असेल तर हे सव्वा ग्रॅमचं प्रमाणही डोळ्यांना दिसतं, म्हणून गडद शेडला ही वाट मी धरत नाही.

सुरुवातीला लीडर कापड (मालाच्या पुढे जोडलेलं वाया कापड) कोरडं सोडू नका. लिटरला ६० ग्रॅमच्या ट्रफमधून कोरडं कापड गेलं तर ते किलोला ४८ ग्रॅम उचलतं आणि वर ट्रफची पातळी झपाट्याने खाली नेतं. लीडरही ओलंच घ्या. मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की ट्रफ तपासा. सॉफ्टनरला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून तीव्रता दाखवणारं उपकरण) चालतो, पण आपल्याच सॉफ्टनरची २०, ४०, ६०, ८० अशी लिकरं करून आपला तक्ता आधी बनवून घ्या.

सॉफ्टनर कॅटायनिक (धन प्रभाराचं) असेल तर एक अडचण वाढते. कापूस ते ट्रफमधून ओढून घेतो, म्हणजे कापडावर लिकरच्या मानाने जास्त चढतं आणि ट्रफ हिशेबापेक्षा पातळ राहतो. टाकीचे १४० तेव्हाही बदलत नाहीत. ट्रफ मात्र ६० पेक्षा कमीने भरावा लागतो. किती कमी, ते अर्धा तास चाललेल्या मशीनच्या ट्रफचा नमुना सांगेल. त्या दिवशी ट्रफ जिथे स्थिर झाला, तिथूनच पुढच्या वेळी सुरुवात करा.

येणारं पाणी नुसतं पाणी नसतं हेही ध्यानात ठेवा. धुलाईत कॉस्टिक सोडा राहून ते लिटरला एक ग्रॅम असेल तर ०.५५ लिटरातून किलोला ०.५५ ग्रॅम कॉस्टिक पॅडरवर येतं. ते मारायला किलोला ०.८ ग्रॅमच्या वर ॲसेटिक ॲसिड लागतं. वाळलेल्या कापडातही ते यायचंच, पण तिथे ट्रफमध्ये मिसळत नव्हतं. इथे ते पहिल्या पंचवीस-सव्वीस मिनिटांत साठत जातं आणि मग त्याच पातळीवर टिकून राहतं. मॅग्नेशियम क्लोराइडच्या कॅटॅलिस्टवर रेझिन फिनिश चालवणार असाल तर शेवटच्या धुलाईतच न्यूट्रल करून घ्या आणि ट्रफचा पीएच तासाला बघा.

ब्लीचिंगच्या सॅच्युरेटरवर (रसायनात कापड भिजवणाऱ्या भागावर) हाच हिशेब बराच सोपा पडतो, कारण तिथे फरक मोठा मिळतो. ६५ टक्के ओलं आत, ११० टक्के बाहेर, फरक ०.४५ लिटर. किलोला १५ ग्रॅम शंभर टक्के पेरॉक्साइड हवं तर ५० टक्केवालं २५ मिली. १० ग्रॅम कॉस्टिकसाठी ४८ टक्के लाय (कॉस्टिकचं द्रावण) १४ मिली. स्टॅबिलायझर, वेटिंग एजंट धरून सगळं मिळून साठ मिली. ४५० मिलीत जागाच जागा. ट्रफमधलं पेरॉक्साइड तपासायला ५ मिली नमुना २५० ला करून त्यातले २५ मिली घ्या, सल्फ्युरिक ॲसिड घाला आणि डेसिनॉर्मल (०.१ नॉर्मल) पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेट करा. जितके मिली लागतील त्याला ३.४ ने गुणलं की लिटरला ग्रॅम मिळतात.

मर्सरायझिंगला (तीव्र कॉस्टिकने सुती कापडाला चमक आणि बळ देण्याला) मात्र जागा संपते. तिथे ट्रफ वजनाने २४ टक्क्यांचा, म्हणजे ३० बोमेच्या (घनतेच्या मापाच्या) आसपास हवा आणि बाजारात मिळणारी लाय ४८ टक्क्यांची. हिशेब लिटरवर न करता किलोवर करा, कारण हे लिकर पाण्यापेक्षा सव्वापट जड आहे. ४८ हे २४ च्या बरोबर दुप्पट. तेव्हा पूर्ण अदलाबदल धरली तर येणारं पाणी बाहेर जाणाऱ्या लिकरच्या निम्म्याहून जास्त असून चालत नाही. बाहेर १०० टक्के जात असेल तर आत ५० च्या वर नको. आत ६० आलं तर निव्वळ लाय घालूनसुद्धा ट्रफ २४ वर टिकणार नाही, घसरतच राहील. पातळ झाल्यावर तापतंही, म्हणून कूलिंगचा भारही धरावा लागतो. ज्या खात्यात मागचं मँगल ५० पर्यंत दाबत नाही तिथे ओल्यावर ओलं मर्सरायझिंग सुरू करू नका, आधी मँगल बदला.

स्टीमचा हिशेबही तुमच्या मालकांपुढे खरा ठेवा. दहा हजार मीटर म्हणजे २,००० किलो कापड. ५५ टक्क्यांवरून वाळवायचं १,१०० किलो पाणी वाचलं. पण स्टेंटरला आता ७० ऐवजी ८० टक्के ओल वाळवायची आहे, म्हणजे २०० किलो पाणी वाढलं. निव्वळ बचत ९०० किलो पाण्याची. ८० ऐवजी ७५ वर पिळलंत तर आणखी १०० किलो वाचतील, पण फरक ०.२० होईल, टाकी १७५ वर न्यावी लागेल आणि ओलीच्या पाच टक्क्यांची चूक आणखी महाग पडेल. दोन पाइप बसेपर्यंत मी ८० वरच राहीन.

उद्याच्या लॉटसाठी एवढं करा: टाकीत १४०, ट्रफमध्ये ६०, लीडर ओलं, वेग ६० वर स्थिर. पहिल्या हजार मीटरला टाकी किती उतरली ते आणि पहिल्या, पाचव्या, विसाव्या मिनिटाचे ट्रफचे तीन नमुने मला कळवा. ट्रफ ६० वरून खाली सरकत असेल तर अदलाबदल माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे, वर चढत असेल तर कमी. त्यावरून तुमच्या मशीनचा आकडा आपण काढू.